पाठीवरची पखाल

गेल्या हिवाळ्यातला तो दिवस मला जागेपणी नीट आठवत नाही. दुपारी शिलाई शिकायला येणाऱ्या मुली घरी गेल्या, की मशीनवर डोकं टेकून मला डुलकी लागते, आणि त्या डुलकीत उकव्याचं, आमच्या लहानपणच्या गावाचं, रान येतं. सरईची, म्हणजे सालाची, उंच सरळ झाडं, त्यांच्यामधून रेंगाळत खाली उतरणारं धुकं, वाटेवरची काळपट माती आणि माझ्या पाठीवर डुचमळणारं पाणी. ते पाणी मला ऐकू येतं. जाग आल्यावरही थोडा वेळ पाठ गार वाटत राहते.

पाठीवरची ती पखाल माझ्या मुलीची. मुलगी पुण्यात नोकरी करते आणि सुटी मिळाली की मैत्रिणींबरोबर डोंगर चढत सुटते. दिवाळीला आली तेव्हा एक चपटी बॅग आमच्या घरी विसरून गेली. आत जाड प्लास्टिकची पिशवी, पिशवीच्या तळातून निघालेली नळी, नळीच्या टोकाला रबराची तोंडी. पिशवीत पाणी भरायचं, बॅग पाठीला लावायची, नळी खांद्यावरून पुढे घ्यायची आणि चालता चालता ती तोंडी दातांत दाबून पाणी ओढायचं. मुलगी तिला ब्लॅडर म्हणते. इकडे मध्य प्रदेशात, आमच्या बालाघाटात, हा शब्द सोनोग्राफीचा कागद बघताना डॉक्टरच्याच तोंडून निघतो, म्हणून मी तिचं नाव पखाल ठेवलं. मुलीला ते मुळीच आवडलं नाही.

आता ताईबद्दल सांगायला हवं, कारण पखालीची सगळी खटपट तिच्यासाठीच होती. ताई माझी मोठी बहीण. तिला राजेगावला दिली, गोंदियाच्या रस्त्यावर, अगदी सीमेवर. तिकडून आणखी थोडं पुढे गेलं की धानाच्या बांध्या महाराष्ट्रातल्या. दोन वर्षांपूर्वी तिला फुप्फुसांचा टीबी झाला. गोळ्या सुरू झाल्या आणि माझी धिप्पाड बहीण बघता बघता ब्लाउजात पोहायला लागली. तिचे सगळे ब्लाउज मीच उसवून आत घेतले, आणि घेताना प्रत्येक टाक्याला मनात शिव्या घातल्या, कोणाला ते मलाही माहीत नाही. पण ती नेटाने गोळ्या घेत राहिली. कोर्स संपला, थुंकीची तपासणी साफ आली, एक्स-रे साफ आला.

मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले होते. तिच्यासमोर मुद्दाम विचारलं, भांड्यांचं काय करायचं? ते म्हणाले, "ये बीमारी साँस से फैलती है, गिलास-थाली से नहीं. और अब तो इनकी साँस से भी किसी को कुछ नहीं होगा." मी त्यांना म्हटलं, एकदा पुन्हा बोला. त्यांनी हसून पुन्हा सांगितलं, वर एवढं बजावलं की गोळ्यांनी पोट आणि लिव्हर नाजूक झालंय, काही महिने बाहेरचं कच्चं पाणी नको. ताई मान डोलवत ऐकत होती. मग ती घरी गेली, आणि तिचा वेगळा ठेवलेला ग्लास होता तिथेच राहिला.

तो ग्लास खिडकीत असे. घरातले बाकीचे ग्लास मांडणीवर पालथे, ताईचा तेवढा खिडकीत, एकटा. त्यातूनसुद्धा ती तोंड न लावता वरून पाणी प्यायची. बोलताना पदर तोंडावर. नातू अंगावर चढायला आला की "जा, आजोबापाशी जा." माझ्याशी बोलतानाही मान वळवून, भिंतीशी बोलल्यासारखी बोलायची. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलो, एका गोधडीत झोपलो, आणि आता ती माझ्यापासून हातभर लांब बसत होती. बहीण बरी झाली होती, पण मला परत मिळाली नव्हती. ती मला परत हवी होती. बाकी माझं काही म्हणणं नव्हतं.

हे सगळं तिच्या सुनेचं काम, अशी माझी खात्री होती. पोरगी वागायला गोड, पण गोड बोलून ग्लास खिडकीत सरकवणाऱ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. मी तिच्यावर दात धरून होते. राजेगावला गेले की तिच्या हातचा चहा घ्यायचे आणि मुद्दाम साखर कमी आहे म्हणायचे.

मला त्या ग्लासाचा एवढा राग यायचं कारण बाबा. बाबा उकव्याला मॅंगनीजच्या खाणीत कामाला होते आणि आमचं बालपण तिथल्या क्वार्टरच्या ओळीत गेलं. आमच्या भागात पाणी वरून पिणं हे चांगल्या वळणाचं समजतात. बसमध्ये बाटली या सीटवरून त्या सीटवर फिरते, सगळे मान मागे टाकून, ओठ न लावता पितात आणि थेंबही सांडत नाही. बाटली जूठी, म्हणजे उष्टी, करायची नाही, ही साधी रीत. आमच्या घरात मात्र उलटं होतं. पितळेचा एक लोटा होता आणि त्याला तोंड लावूनच प्यायचं, असा बाबांचा दंडक. ताई एकदा शाळेतून शिकून आली आणि ऐटीत वरून प्यायली, तर बाबांनी लोटा तिच्या हातून घेतला. "तोंड लावून पे," ते म्हणाले. "माह्या आजीले मालगुजाराच्या अंगणात जलमभर वरून पाणी मिळालं, ओंजळीत. आपल्या घरी पाणी वरून पडत नाई." आवाज चढवला नव्हता. पुन्हा कधी ते हे बोलले नाहीत, आणि आम्हीही पुन्हा घरात वरून प्यायलो नाही. त्याच माणसाची लेक स्वतःच्या घरात, स्वतःच्या ग्लासातून, वरून पाणी पीत होती.

आजारपणात ताप चढला की ताई एकच मागायची. "मले उकव्याच्या झिऱ्याचं पाणी पाज वो." क्वार्टरच्या मागे उताराला खडकातून पाझरणारं पाणी होतं, त्याला आम्ही झिरा म्हणायचो. तिचा कोर्स चालू असताना एकदा मी ते बाटलीत भरून आणलं, उकळलं, गार केलं आणि तिला नेऊन दिलं. तिने घोट तोंडात फिरवला आणि म्हणाली, "हे तं कोणतंई पाणी आहे." बरोबरच होतं तिचं. उकळल्यावर त्यातलं रान निघून गेलं होतं.

फोनवर मुलीला हे सांगितलं, तर तिने पुण्याहून एक लहानसं नळकांडं पाठवलं. फिल्टर. पखालीची नळी मधोमध कापायची आणि हे मध्ये बसवायचं. पिशवीत नदीचं, झऱ्याचं कसलंही कच्चं पाणी भरा. ओढताना ते या नळकांड्यातून गाळून येतं आणि तोंडात पडतं ते स्वच्छ. उकळायचं नाही, औषध टाकायचं नाही. मी व्हिडिओ कॉल लावला आणि कापडाची कात्री काढली. त्या कात्रीला मी शिकायला येणाऱ्या मुलींना बोटसुद्धा लावू देत नाही, त्याच कात्रीने नळी कापली. मुलगी तिकडून ओरडत होती, "मम्मी, तीर का निशान मुँह की तरफ! उलटं नको लावू!" मी उलटंच लावलं होतं. काढून पुन्हा लावलं. पहिलं पाणी टाकून द्यायचं असतं, ते अंगणातल्या तुळशीला घातलं.

मग रोज सकाळी वैनगंगेच्या काठाने पखाल लावून चालायला लागले. ओढायला जोर लागायचा. आधी नुसती हवा यायची, मग एकाएकी गार पाणी जिभेवर उतरायचं आणि आपण नदीच्या आत शिरून पितोय असं वाटायचं. काठावर धुक्यात माणसं सावल्यांसारखी दिसायची. त्यांतल्या एका सावलीने, आमच्या गल्लीतल्या काकूंनी, मला थांबवून विचारलं, "क्यों दीदी, सलाइन लगाके घूम रही हो क्या?" मी म्हटलं, हौ, डॉक्टरने चालता चालता चढवायला सांगितलंय. बिचाऱ्या घाबरून घरी सफरचंद घेऊन आल्या.

खरं सांगते, माझ्या डोक्यात फिल्टरपेक्षा दुसराच डाव होता. या नळीतून वरून पाणी पिता येत नाही. तोंडी ओठांत धरून दाबली आणि ओढलं, तरच पाणी. म्हणजे ताईला झिऱ्याचं पाणी प्यायचं असेल, तर मी तोंड लावलेल्या नळीला तोंड लावावंच लागेल. तोंडी बोटांनी चिमटीत धरली आणि पिशवी उंच असली तर पाणी आपोआप ठिबकतं, हे मुलीने मला दाखवलं होतं. ते मी ताईला सांगणार नव्हते.

माघातल्या एका सकाळी आम्ही उकव्याला जाणारी बस धरली. ताई आदल्या दिवशी माझ्याकडे आली होती. ग्लास-बाटली काही घेऊन येऊ नको असं बजावलं होतं, तशी रिकाम्या हाताने आली. बसमध्ये माझ्याशेजारची सीट सोडून पुढच्या खिडकीशी बसली आणि थंडीतही काच उघडी ठेवली, श्वास बाहेर जावा म्हणून. घाट लागला तसं धुकं त्या खिडकीतून आत यायला लागलं. ड्रायव्हरचं गाणं, इंजिनची घरघर, लोकांच्या घोंगड्या, सगळं त्या पांढऱ्यात मऊ होऊन गेलं. पुढे ताईचं डोकं तेवढं दिसत होतं. ती बस कुठे पोचूच नये आणि ते डोकं असंच समोर दिसत राहावं, असं मला वाटत होतं.

उकव्याला उतरून आम्ही जुन्या क्वार्टरच्या बाजूला वळलो. आमची ओळ आता नाही. पायाचे दगड आहेत, त्यांच्यात गवत आहे. "इथं आपली चूल होती," ताई म्हणाली. "नाई, इथं," मी म्हटलं. दोघी थोडा वेळ चुलीवरून भांडलो आणि मला फार बरं वाटलं. मग उतार लागला. सरईच्या पानांवरून दव टपटपत होतं, पाऊस नसताना पावसाचा आवाज. वाटेवर काळे चकाकते खडे होते, हातात घेतले की बोटं काळी करणारे. ताई माझ्या मागून येत होती, मी थांबले की थांबायची, तेवढंच अंतर ठेवून.

झिरा होता. मला मनातून भीती होती की आटला असेल, बुजला असेल, पण खडकाच्या फटीतून पाणी येतच होतं आणि खाली दगडांनी बांधलेल्या खळग्यात साचत होतं. कोणीतरी पालापाचोळा काढून खळगा स्वच्छ ठेवला होता. पाणी इतकं निवळ, की तळाची वाळू पाणी नसल्यासारखी दिसत होती. ताई काठावर बसली आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. तिने पदर तोंडावरून काढला होता, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

मी पखाल भरली, झाकण फिरवलं, ती खालच्या फांदीला अडकवली आणि नळी ताईच्या हातात दिली. "ओढ," मी म्हटलं. "दातात दाबायची अन् ओढायची." मग मी तोंड धुवायला थोडी खाली, जिथे खळग्यातून पाणी वाहून जातं तिथे गेले. ती माझ्यासमोर संकोचेल, एकटी असली तर पिईल, असा माझा हिशेब होता. तोंड धुऊन वळले.

ताईने पखाल फांदीवरून काढली होती. झाकण उघडून ती दोन्ही हातांनी उंच धरली होती आणि मान मागे टाकून, डोळे मिटून, आमच्याकडच्या रीतीने वरून धार तोंडात घेत होती. हनुवटीवर थेंब नाही. गट गट गट.

मी किंचाळले. झाडावरचं काहीतरी फडफडून उडालं. "थुक! थुकून टाक ते!"

ती दचकली, पण पाणी तर पोटात गेलेलं. तिने झाकण घाईघाईने लावलं आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, "नळीले तोंड नाई लावलं म्या. तुही नळी तशीच्या तशी आहे, पाय."

माझी नळी जूठी होईल म्हणून मी ओरडले, असं तिला वाटलं होतं. "ताई, गाळणी नळीत आहे वो," मी म्हटलं. "पिशवीत नुसतं कच्चं पाणी. तेच तुले डॉक्टरने मना केलं होतं न!"

"मले वाटलं पिशवीच गाळते," ताई म्हणाली.

एवढी कात्री चालवली, एवढा तीर सरळ केला, आणि माझ्या बहिणीने आमची चांगली रीत पाळून त्या सगळ्याला वळसा घातला. पुढे आठवडाभर मी सकाळ-संध्याकाळ फोन करून तिच्या पोटाची चौकशी करत होते, शेवटी तीच वैतागली. पोटाला काही झालं नाही. पण त्या क्षणी माझं डोकं फिरलं होतं, आणि डोकं फिरलं की मी सगळं एकदमच ओकते.

"सगळं तुह्या सुनेनं केलं," मी म्हटलं. "आज तिच्या घरी येतो अन् तो खिडकीतला ग्लास तिच्यासमोर मांडणीवर ठेवतो. पायतो मंग काय म्हणते ते!"

ताईने माझ्याकडे पाहिलं. भिंतीकडे नाही, झाडाकडे नाही, सरळ माझ्याकडे.

"तिनं नाई ठेवला," ती म्हणाली. "ते पोरगी तं तीनदा उचलून मांडणीवर ठेवून आली. म्याच पुन्हा खिडकीत ठेवतो."

"काहून वो?"

ती पायाने एक खडा इकडून तिकडे करत राहिली. "टीबीचा रिपोर्ट आला त्या दिवशी घरी गेली न मी, तं वाटलं, आता कोणीतरी माहा ग्लास बाजूले करन. बोलणार नाई, नुसता सरकवन. ते मले पाहवलं नसतं. कोणी करायच्या पयले म्याच करून टाकला." मग म्हणाली, "आता मांडणीवर ठेवला, अन् कोणी त्याच्यातून पेलंच नाई तं? मंग मले समजन न. खिडकीत आहे तं समजत नाई."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना. सुनेच्या चहातली साखर आठवली. मी किती महिने ताईला बरी करायला बघत होते, आणि ती जगापासून नाही, त्या एका गोष्टीपासून लपून बसली होती. तिला कोपऱ्यात गाठून, नळी हातात देऊन, तोंड लाव म्हणणारी मी कोण? माझा डाव मला एकदम ओंगळ वाटला.

म्हणून मी हार मानली. पखाल पुन्हा फांदीला अडकवली आणि तिला म्हटलं, "हे पाय, तोंड नाई लावलं तरी जमते. अशी चिमटीत धरली की गाळलेलं पाणी येते. तू हात कर खाली." ती उठून आली. तिने दोन्ही तळहात जोडून नळीखाली धरले आणि जरा वाकली. मी तोंडी चिमटीत दाबली. पाणी थेंबाथेंबाने, मग बारीक धारेने तिच्या ओंजळीत पडायला लागलं.

मी वरून पाणी घालत होते आणि माझी मोठी बहीण माझ्यापुढे वाकून ओंजळ करून उभी होती. माझी चिमूट आपोआप सुटली. तिनेही ओंजळीकडे पाहिलं. दोघींना एकच गोष्ट दिसली असणार, मालगुजाराच्या अंगणातली बाबांची आजी. ताईने तळहात हळूच उघडले आणि पाणी खाली मातीवर सोडलं. मग लुगड्याला हात पुसून म्हणाली, "चाल, बस निघून जाईन."

परतीचा चढ. धुकं आता फाटत चाललं होतं आणि सरईच्या खोडांवर ऊन तुकड्यातुकड्याने पडत होतं. मी पुढे, पखाल पाठीला, नळी खांद्यावरून पुढे घेऊन पट्ट्याला अडकवलेली. पाणी माझ्या पाठीवर डुचमळत होतं, ताई मागून येत होती, तेवढंच अंतर ठेवून. मी वळून बघत नव्हते. तिच्या पावलांखाली पानं वाजत होती आणि ती वाजत आहेत एवढंच मला पुरे होतं. मला तिच्याकडून काही नको होतं आता. ती मागे आहे, चढ चढते आहे, दमली तरी पडत नाही, हेच खूप आहे, अशी मी मनाची समजूत घातली होती, आणि ती समजूत खरीही होती.

मग पानं वाजायची थांबली. मीही थांबले. ताईला धाप लागली होती.

"तहान लागली," ती मागून म्हणाली.

मी बॅग काढायला पट्ट्यात हात घातला.

"राहू दे, काढू नको." पानं वाजली, जवळ, आणखी जवळ. तिचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला आणि तिने पट्ट्यात अडकवलेली नळी सोडवली.

ती नळी फार लांब नसते. ज्याच्या पाठीवर बॅग, त्याच्याच तोंडापर्यंत पोचेल एवढी. दुसऱ्याला प्यायची तर अगदी अंगाला अंग लावून उभं राहावं लागतं. ताईने हनुवटी जवळजवळ माझ्या खांद्यावर टेकली, तोंडी ओठांत घेतली आणि ओढायला लागली. झिऱ्यातली बारीक वाळू फिल्टरात बसली असावी, पाणी फार हळू येत होतं. ती ओढायची, थांबून श्वास सोडायची, पुन्हा ओढायची. तो श्वास प्रत्येक वेळी माझ्या कानाखाली, मानेवर पडत होता. गरम होता, ओलसर होता. दीड वर्ष तिने तो पदरात, भिंतीवर, बसच्या खिडकीबाहेर सोडला होता. मी मान हलवली नाही, खांदा हलवला नाही.

"लय हळू येते वो," ती म्हणाली.

"येऊ दे," मी म्हटलं.